पगारपत्रकाआधी माणसं मोजा

पुण्यातल्या लहान दुकानांची पगारपत्रकं मी बघते. नवे मालक आले की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, कायदा बदलला म्हणे, आता काय भरायचं?" मी आधी माणसं मोजायला सांगते. दहा झाली की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाली की पीएफ. मोजताना अर्धवेळ येणारी मुलगी आणि ठेकेदाराची माणसंही धरा. बहुतेक घोळ इथेच होतो.

मग पगाराची फोड काढा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता, म्हणजे कामगारांविषयीचे नवे कायदे, लागू आहेत. मूळ पगार चिमूटभर दाखवून बाकी सगळं भत्त्यांत घालायची जुनी रीत आता उपयोगाची नाही. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापुढे गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो आणि ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना द्यायच्या एकरकमी रकमेचा, आकडा वाढतो. नोकरी सोडणाऱ्याचं वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत चुकतं करा.

नेमणूकपत्र सगळ्यांना द्या, झाडलोट करणाऱ्या मावशींनाही. याबाबत मी मालकांशी भांडते, कारण त्या कागदाविना त्यांचं कर्ज अडतं, मुलांचे अर्ज अडतात.

तारखा भिंतीवर लावा: पीएफ, ईएसआय दर महिन्याच्या 15 पर्यंत. व्यवसाय कर 10,000 च्या वर पगार असेल तर महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300. 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ. किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईप्रमाणे ठरणारा) जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा नवा तक्ता पाहिल्याशिवाय पगार काढू नका.