अर्धवट गोधडी कापा, पण आधी टीप घाला

आईने किंवा आजीने सुरू केलेली गोधडी दिवाणात वर्षानुवर्षं पडून राहते, कारण ती डबल बेडच्या मापाचीच पुरी करायची असं आपण धरून बसतो. माप लहान करा. 36 इंच चौरस भाग शिवलेला असेल तर भाचीच्या बाळाला दुपटं होतं, 36 बाय 60 निघाला तर बाबांना पांघरूण.

1. खडूने रेघ मारा. रेघेच्या पाव इंच आतून मशीनची दुहेरी टीप घाला आणि मगच कापा. आधी कापलं तर थर सरकतात, हातचे जुने टाके कडेपासून उसवत जातात. मशीन नसेल तर हातानेच बारीक उलटी टीप घाला.

2. अजून टाके न पडलेल्या रिकाम्या जागी वीतभर अंतरावर कच्चे टाके, मग धावदोरा मधून कडेकडे. उलट केलं की मधे फुगा येतो.

3. सुती लुगड्याची 3 इंची पट्टी दुमडून किनार लावा.

आजीचे वाकडे टाके मात्र उसवून सरळ करू नका. भेटीचं मोल त्यांतच आहे.

अस्तर कमी पडलं तर नागपूरच्या गांधीबाग कापडबाजारातून मांजरपाट (जाडसर साधं सुती कापड) आणा, पण धुऊन वाळवूनच लावा. नवं सुती कापड आटतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ते लगेच वाळेल.

लाल-निळ्या तुकड्यांवर ओलं पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर ते दुपटं बाळाला देऊ नका.