नाशिकच्या परसबागेत करवंदाचे झुडूप

ब्लॅककरंट, म्हणजे थंड देशांतले आंबट-गोड काळे फळ, नाशिकला लावावे का, असा प्रश्न पडतो; पण त्याच्या झुडपाला फुलण्यासाठी प्रदीर्घ थंडी लागते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कितीही घसरला, तरी दुपारच्या उन्हात ती थंडी टिकत नाही. त्यामुळे आंबट-गोड काळ्या फळांची हौस असलेल्याने सरळ करवंद लावावे, असे माझे मत आहे.

रोप निवडताना बियांपासूनचे रोप घ्यावयाचे की गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले रोप), हे आधी ठरवावे. बियांच्या रोपाचे फळ कसे निघेल याची खात्री नसते आणि त्यासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते. कलमाला मातृवृक्षाचेच गुण येतात व फळही लवकर धरते. मोठ्या फळांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात विचारून पाहावी. बीच पेरायचे असल्यास ते पिकलेल्या फळातून काढताच पेरावे, कारण साठवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते.

लागवड पावसाच्या सुरुवातीला, भरपूर उन्हाच्या जागी करावी. झुडूप मुरमाड जमिनीतही तग धरते, मात्र साचलेले पाणी त्याला मुळीच सोसत नाही. म्हणून काळ्या मातीत दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळून रोप किंचित उंचवट्यावर लावावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे, पुढे फारसे लाड नकोत. कुंपणासाठी तीन-चार फुटांचे अंतर पुरते. काटे टोकदार असल्याने मुलांच्या वाटेपासून झुडूप दूरच बरे. छाटणी फळे उतरल्यावर करावी आणि तेव्हा चिकाचे डाग पडतात, म्हणून जुने कपडे घालावेत.