एड मिळाली, आता वर्षाचा हिशेब

अमेरिकेत पदवीला प्रवेश आणि ‘फुल स्कॉलरशिप मिळाली’ म्हणून घरच्यांनी पेढे वाटले असतील. वाटू देत. पण बॉस्टनला उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या एड (आर्थिक मदत) ऑफिसचं पत्र काढून पुन्हा एकदा ओळ न् ओळ वाचा. हार्वर्ड, एमआयटी, येल, प्रिन्स्टन यांच्यापैकी कुणीही बारावीच्या टक्क्यांवर किंवा ऑलिम्पियाडच्या पदकावर पैसे देत नाही. प्रवेश गुणांवर मिळतो, पैसे घरच्या ऐपतीवर ठरतात. वर्षाचा सगळा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे पाऊण कोटीच्या घरात. त्यातून तुमचे आईवडील किती देऊ शकतात ते वजा करून उरलेलं कॉलेज भरतं. आणि हे गणित चार वर्षांसाठी एकदाच होत नाही. दरवर्षी नव्याने अर्ज, दरवर्षी नव्याने कागद.

आमच्याकडे जेवायला येणारी पोरं नेमकी इथेच अडकतात, म्हणून कागदांबद्दल जरा सविस्तर सांगतो.

सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे एडसाठी घरची ऐपत दाखवायच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, आकडे रुपयांतच भरायचे असतात. लाख-कोटीचे स्वल्पविराम बघून घाबरू नका, एक शून्य जास्त पडलं नाही ना एवढं मात्र दोनदा तपासा. नोकरदार घर असेल तर फॉर्म १६ आणि आयटीआरवर काम भागतं. गोची होते ती शेतीवाल्या एकत्र कुटुंबाची. सातबाऱ्यावर आजोबांचं, वडिलांचं, दोन काकांचं आणि लग्न होऊन गेलेल्या आत्याचंही नाव. सहा एकर जमीन, वाटणी झालेली नाही. फॉर्ममध्ये मालमत्तेचा रकाना एकच. मुलगा बिचारा सगळ्या जमिनीची बाजारभावाने किंमत लिहून मोकळा होतो आणि मग एवढी कमी एड का मिळाली म्हणून विचारत बसतो. तसं करू नका. वडिलांच्या वाट्याचीच किंमत लिहा. विशेष परिस्थितीसाठी शेवटी जी जागा असते तिथे चार ओळींत स्पष्ट करा: एकूण क्षेत्र किती, हिस्सेदार किती, वाटणी झाली आहे की नाही, वर्षाला हातात किती पडतं. सोबत डिजिटल सहीचा सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर द्या. इथल्या अधिकाऱ्याने आयुष्यात सातबारा पाहिलेला नसतो, पण समजावून सांगितलं तर तो समजून घेतो, हा माझा अनुभव आहे.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही म्हणून ते लिहायचंच नाही, असा सल्ला गावाकडचा एखादा ‘जाणकार’ देईल. ऐकू नका. आयटीआरमधलं उत्पन्न तीन लाख आणि घरखर्च सहा लाख, हे कुणाच्याही नजरेत भरतं.

मधल्या काळात वडील निवृत्त झाले, आजारपण आलं, पीक गेलं, तर पुढच्या वर्षाची वाट न बघता ऑफिसला ईमेल करा. ‘माननीय महोदय, सविनय’ असा तीन पानी विनंती अर्ज नको. काय झालं, कधी झालं, उत्पन्न कितीने घटलं, आणि पुराव्याचे कागद, एवढं बस्स. रुपया घसरल्यामुळे घरच्यांचा वाटा वाढला असेल तर तेही लिहा, कारण तो वाटा डॉलरमध्ये ठरलेला असतो.

घरून पैसे मागवताना एक लक्षात ठेवा. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपुढे रक्कम परदेशी पाठवली की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून आलेल्या पैशांना हे लागत नाही. कापलेली रक्कम बुडत नाही, वडिलांच्या आयटीआरमध्ये धरता येते. पण तोवर पैसे अडकून पडतात, म्हणून आईच्या खात्यावर पैसे असतील तर काही रक्कम तिच्या पॅनवर पाठवायला सांगा.

पत्रात ‘टर्म-टाइम वर्क’ म्हणून दोन-तीन हजार डॉलरचा आकडा असेल. तो बिलातून वजा होत नाही! लायब्ररीत, मेसमध्ये काम शोधायचं, पगार तुमच्या खात्यात येतो, त्यातून पुस्तकं आणि फोनबिल. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि तेही कॅम्पसवरच. ओळखीच्या देसी दुकानात रोखीने काम करायचा मोह टाळा, त्यात व्हिसा जातो. थंडीचा कोट, आरोग्य विमा, विमानभाडं यांसाठी कित्येक कॉलेजांत वेगळी मदत असते. हार्वर्डमध्ये कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना सुरुवातीलाच २,००० डॉलर मिळतात. बाकी ठिकाणी बहुधा आपणहून विचारावं लागतं, लाजू नका.

मार्चमध्ये १०४२-एस नावाचा, करपात्र एड आणि कापलेला कर दाखवणारा कागद हातात पडला की अनेकांचं धाबं दणाणतं. एडपैकी ट्यूशनवरचा भाग करमुक्त, पण राहण्याजेवणाचा भाग करपात्र, आणि त्यावर १४ टक्के कापतात. इथे आपल्याला एक चांगली सवलत आहे. भारत-अमेरिका कर कराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआर (परदेशी व्यक्तीचं इथलं करविवरणपत्र) भरताना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट ठरावीक वजावट, घेता येतं. २०२४ सालासाठी ते १४,६०० डॉलर होतं. रूममेट नेपाळचा असेल तर त्याला हे नाही. बरीच पोरं इथल्या नागरिकांचं सॉफ्टवेअर वापरून चुकीचा फॉर्म भरतात. त्यापेक्षा इंटरनॅशनल ऑफिस जे सॉफ्टवेअर देतं तेच घ्या. कमाई शून्य असली तरी इथल्या करखात्याचा ८८४३ नंबरचा फॉर्म भरायचाच.

आता धाकट्या बहिणीभावांचे फोन सुरू होतील. त्यांना सांगा की जे. एन. टाटा एंडोमेंट, इनलॅक्स, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत; बारावीनंतर त्यांच्यामागे वेळ घालवू नका. पदवीला पैसा मुख्यतः कॉलेजच देतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ इथे एड मागितली म्हणून परदेशी मुलाचा अर्ज मागे पडत नाही. स्टॅनफर्डमध्ये मात्र प्रवेश द्यायचा का हे ठरवतानाच एडची गरजही बघतात, आणि प्रवेशाच्या वेळी मागितली नाही तर पुढे मागता येत नाही. कॉर्नेलमध्ये खास भारतीय नागरिकांसाठी टाटा स्कॉलरशिप आहे. तिचा वेगळा अर्ज नसतो, प्रवेशाच्या अर्जासोबतच एड मागायची.