चढ-उतारावर रायफलचा नेम कसा धरावा

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की वावरं सपाट राहत नाहीत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहावं तर एका अंगाला खोल नाला, दुसऱ्या अंगाला टेकाड. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) याच नाल्यांतून वर येऊन तुरीत, हरभऱ्यात घुसतात. अशा जागी सपाटीवर जमलेला नेम चुकतो, आणि नेम चुकला की जनावर जखमी होऊन झुडपात शिरतं. ते होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी कायद्याचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी कलम 11 खाली अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती परवानगी आणि बंदुकीचा चालू परवाना, दोन्ही हातात असतील तरच पुढचं वाचून उपयोग.

आता मुख्य मुद्दा. गोळी नळीतून सुटली की लगेच खाली पडायला लागते. 200 मीटर जायला तिला साधारण 0.4 सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात ती सुमारे 78 सेंटीमीटर खाली येते. रायफल जुळवताना हाच हिशेब धरून नळी किंचित वर ठेवलेली असते. पण नेम चढावर किंवा उतारावर असला की गुरुत्वाकर्षणाचा सगळा ओढा गोळीच्या मार्गाला आडवा राहत नाही, त्यातला काही भाग मार्गाच्या दिशेनेच जातो. गोळी कमी वाकते आणि नेमापेक्षा वर लागते. टेकडीवर मारा की नाल्यात, दोन्हीकडे वरच. उतारावर गोळी खाली जाईल असं समजून नेम उंच धरणारे बरेच भेटतात. त्यांची गोळी पाठीवरून निघून जाते.

किती फरक पडतो, ते काढायची रीत सोपी आहे. जनावरापर्यंतचं सरळ अंतर घ्या आणि उताराच्या कोनाप्रमाणे त्याला गुणा: 15 अंशाला 0.97, 20 ला 0.94, 30 ला 0.87, 45 ला 0.71. उत्तर येईल त्या अंतरावर सपाटीत जसा नेम धरला असता, तसा धरा. 30 अंशाच्या उतारावर 200 मीटर असेल तर नेम 173 मीटरचा. वरच्या उदाहरणातल्या गोळीला सपाटीचाच नेम ठेवला, तर ती 10 सेंटीमीटर वर लागेल. तेच 100 मीटरवर फरक जेमतेम 2 सेंटीमीटरचा, तो सोडून द्या. लेझरचं अंतरमापक यंत्र कोन धरून अंतर देत असेल तर पुन्हा गुणू नका.

कोन डोळ्याने ठरवू नका. 15 अंशाचा उतार वरून बघताना 30 चा वाटतो. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून टोकाला एक नट अडकवा. सरळ कड वर ठेवून ती लक्ष्याच्या रेषेत धरा. सपाटीवर दोरा 90 वर राहतो, तो 90 पासून जितका सरकला तितका उतार. हे काम दिवसाउजेडी, रायफल बाजूला ठेवून, रिकाम्या वावरात करायचं. नाल्याचा काठ, पाणवठ्याची वाट, मोठा पळस, अशा चार खुणांची अंतरं आणि कोन वहीत लिहून ठेवा.

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या झुडपी रानात 100 मीटरच्या पलीकडे मारूच नये असं माझं ठाम मत आहे. मग जवळच्या अंतरावर काय सांभाळायचं? जनावराच्या अंगात गोळी कुठून कुठे जाणार ते. डुकराचं काळीज छातीत बरंच खाली, पुढच्या पायाच्या वर असतं. सपाटीवरून आडव्या उभ्या डुकराला नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, पायाच्या लगेच मागे. पण मचाण 4 मीटर उंच आणि डुक्कर 8 मीटरवर असेल, तर गोळी तिरपी खाली उतरते. तेव्हा तुमच्या बाजूने ती जरा वरून शिरली पाहिजे, म्हणजे काळजातून जाऊन पलीकडे खालून निघेल. म्हणजे लांबवर नेम खाली आणि मचाणाखाली नेम वर, हे दोन हिशेब एकमेकांत मिसळू देऊ नका. रायफलीवर दुर्बीण असेल तर आणखी एक: ती नळीच्या वर बसवलेली असते, त्यामुळे 10-20 मीटरवर गोळी नेमाच्या दोन-तीन सेंटीमीटर खालीच लागते.

रायफल टेकवताना नळी कधी दगडावर किंवा मचाणाच्या बल्लीवर ठेवू नका, गोळी उसळते. रायफलीच्या नळीखालच्या लाकडी भागाखाली मातीने अर्धवट भरलेली पिशवी घ्या. आडव्या उतारावर बसलं की नकळत रायफलही उताराच्या अंगाला कलते आणि गोळी त्याच बाजूला जाते. चाप ओढण्याआधी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, सरळ उभी आहे ना, बघा.

टेकाडाच्या माथ्यावर आभाळाला लागून उभ्या जनावरावर मात्र कधीही गोळी सोडू नये, कितीही नुकसान झालेलं असो. चुकलेली गोळी किलोमीटरच्या हिशेबात जाते, आणि माथ्यापलीकडे पाडा आहे की गुरं, ते दिसत नाही. खाली मारताना मागे माती असते हे बरं, पण इथला काळा दगड उघडा असेल तर गोळी त्यावरून उडून भलतीकडे जाते. मार्च-एप्रिलात तर अंधार फिटायच्या आत बायका-पोरं मोहफुलं वेचायला रानात असतात. त्या दिवसांत पहाटेची गोळी नकोच. शेजारच्या वावरात जागलीला कोण आहे, हेही संध्याकाळीच विचारून घ्यावं.

गोळी लागूनही डुक्कर घाणेरीच्या जाळीत शिरलं तर एकट्याने मागे जाऊ नका. जिथे लागलं ती जागा आणि गेल्याची दिशा लक्षात ठेवा आणि लगेच वनरक्षकाला फोन करा. जनावर जागीच पडलं तरी हात न लावता त्यालाच कळवायचं. परवानगीने मारलेलं जनावरही कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता असते. पंचनामा आणि विल्हेवाट वनखात्याच्या देखतच होते.