शाळेत माध्यमकला शिकताना: सोलापूरच्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी

माध्यमकलेचा तास सुरू झाला की वर्गातून पहिला प्रश्न येतो, "सर, कॅमेरा कुठला घ्यायचा?" घरातला साधा अँड्रॉइड फोन पुरतो. शाळेतल्या फिल्म बिघडतात त्या बहुतेक वेळा आवाजामुळे. चित्र थोडं हललं तर बघणारा सोसून घेतो, पण बोलणं कळेनासं झालं की त्याचं लक्ष उडतं ते उडतंच. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी काही शे रुपयांच्या वायरवाल्या कॉलर माइकवर घालावेत. घेताना पिन बघून घ्या. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर तो फोनचा माइक, दोन असतील तर कॅमेऱ्याचा; कॅमेऱ्याचा माइक फोनला लावला तर फोन आपल्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो आणि ते घरी आल्यावर कळतं. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागतो, पण प्रत्येक अडॅप्टरमधून माइकचा आवाज आत जात नाही. दुकानातच दहा सेकंद रेकॉर्ड करून, माइकवर नख घासून, ऐकून मगच पैसे द्या.

पहिल्या कामाला विषय शोधत लांब जायची गरज नाही. शहराच्या पूर्व भागात गल्लोगल्ली यंत्रमाग आहेत. मात्र "सोलापुरी चादर" हा तीन मिनिटांच्या फिल्मचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. "जेकार्डचं (मागावरच्या नक्षीच्या यंत्राचं) कार्ड चादरीवर नक्षी कशी उमटवतं" हा होतो, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते. मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कार्डाला जिथे भोक आहे तिथला हूक वर जातो आणि आपल्याबरोबर ताण्याचे (उभे) धागे उचलतो. भोक नाही तिथले धागे खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा, म्हणजे धाग्याची कांडी बसवलेली होडीसारखी वस्तू, बाणा (आडवा धागा) घेऊन पलीकडे जातो. मग पुढचं कार्ड, पुढचा धागा. भोकं, हूक, उचललेले धागे, धोटा, उमटलेली नक्षी, हे पाच क्लोजअप या क्रमाने लावले तर निवेदन न करताही बघणाऱ्याला यंत्र समजतं.

कॅमेरा हातात घेण्याआधी कागद. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. सावकाश वाचलेल्या मराठी निवेदनाचे मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये निवेदन 150 शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर मागाला आणि कामगाराच्या बोलण्याला जागाच उरत नाही. नवखी मुलं हमखास "हा धोटा आहे" असं लिहितात आणि पडद्यावर धोटाच दाखवतात. जे दिसतंय ते सांगू नका. दिसत नाही ते सांगा.

पाच जणांचा गट बरा: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, परवानगी व नोंदी, संकलन. आवाजवाल्याने दुसरं काहीही करायचं नाही. बहुतेक फोनवर रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोनमध्ये ऐकू येत नाही, म्हणून दर मुलाखतीआधी वीस सेकंद रेकॉर्ड करून कानाला हेडफोन लावून ऐकणं हे त्याचंच काम. पुढच्या फिल्मला भूमिका बदला.

आता कारखान्यात. मालकाची परवानगी घेतली म्हणजे काम संपत नाही, ज्याला टिपायचं त्या कामगारालाही विचारायचं. मुलं दाखवायची असतील तर पालकांची लेखी संमती हवी. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आवरून घ्या. धोटा कधी कधी मागातून उसळून बाहेर पडतो, त्यामुळे मागाच्या दोन्ही टोकांना धोट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. कामगार सांगेल तिथेच थांबायचं. चालू मागाजवळ एकाने शूटिंग केलं तर दुसऱ्याने त्याच्या पाठीशी उभं राहून लक्ष ठेवायचं.

माग चालू असताना मुलाखत घेऊ नका. कितीही चांगला माइक असला तरी मागाचा खडखडाट आणि माणसाचा आवाज एकमेकांत मिसळून जातात, आणि नंतर सॉफ्टवेअरने खडखडाट काढायला गेलं की माणसाचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा होतो. ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणं) पंख्याच्या एकसुरी घरघरीसाठी ठीक, तेही 6 ते 12 डेसिबलपर्यंतच. म्हणून जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी संपल्यावर, सुताच्या गाठोड्यांच्या खोलीत बसा. सूत आणि कापड आवाज शोषून घेतात, भिंती घुमत नाहीत. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, शर्टाच्या मधल्या पट्टीवर लावा, वायरचा एक लहान वेढा आतून चिकटपट्टीने बसवा म्हणजे कापड घासल्याचा आवाज येत नाही. चालू मागाचा आवाज वेगळा, सलग एक मिनिट, कोणीही न बोलता घ्या. बंद खोलीची शांतताही तीस सेकंद रेकॉर्ड करा. मुलाखत कापल्यावर जोड लपवायला तीच लागते.

"तुम्हाला हे काम आवडतं का?" असं विचारलं तर "हो" एवढंच मिळतं. "अण्णा, कामावर आल्यावर मागाला पहिला हात कुठे लावता?" असं विचारा आणि उत्तर संपल्यावर तीन सेकंद गप्प राहा. खरं बोलणं बऱ्याचदा त्या तीन सेकंदांनंतर येतं. तेलुगू किंवा कन्नडमध्ये बोलणं सोपं जात असेल तर तसंच बोलू द्या, सबटायटल मराठीत द्या. भाषांतर ती भाषा घरी बोलणाऱ्या वर्गमित्राकडून तपासून घ्या. सबटायटल दोन ओळींपेक्षा जास्त नको.

चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर दोष ट्यूबलाइटचा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो आणि फोनचा शटर त्याच्याशी जुळत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, पट्टे जातात. धोटा थोडा पुसट दिसेल, तो तसाच शोभतो. फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाची पातळी) बोटाने दाबून लॉक करा. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर पाच सेकंद फोन स्थिर धरा. फुल एचडीला मिनिटाला साधारण 100 ते 130 एमबी लागतात. जागा आधी मोकळी करा.

जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत वेगळी अडचण. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चौकटभर पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) असतात, फोनला त्यांचा उजेड फार वाटतो आणि तो चेहरे काळे करतो. चेहऱ्यावर लॉक करा, मग कापडाची घडी पुन्हा दिसेल इतकंच एक्स्पोजर खाली आणा. एप्रिल-मे महिन्यात मात्र सकाळी दहाच्या आत काम उरका. चाळिशीपारच्या उन्हात फोन तापून रेकॉर्डिंग आपोआप बंद पडतं. कव्हर काढून सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, लेन्सच्या आत वाफ धरते.

संकलनाला शाळेच्या संगणकांवर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअर चालतात; प्रॉक्सी (क्लिपची हलकी प्रत) चालू केली की 4 जीबी रॅमवरही अडखळणं बरंच कमी होतं. इथे जवळपास प्रत्येक गट एका ठिकाणी अडतो: मुलाखतीच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, दहाव्या मिनिटाला सुटतात. फोन फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो, हे त्याचं कारण. सगळ्या क्लिप आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून 25 फ्रेम, कॉन्स्टंट (कायम एकच वेग) अशा काढून घ्या. बोलण्याची पातळी -12 ते -6 डेसिबलच्या दरम्यान, माग किंवा संगीत -25 च्या खाली. सिनेमाचं गाणं लावू नका, हक्क दुसऱ्याचे असतात. शाळेतल्या हलगी-लेझीमचा आवाज स्वतः रेकॉर्ड करा.

शीर्षकं युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर चिकटवला की पडद्यावर कचरा उमटतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. शीर्षक दोनदा मोठ्याने वाचून होईल तेवढा वेळ पडद्यावर ठेवा.

पुढच्या वाटांचं थोडक्यात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा शाळेत असतानाच द्या. बारावीनंतर बीएफएला (ललितकलेच्या पदवीला) सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा असते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेच्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. पदवीनंतर आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातही जनसंज्ञापन शिकता येतं. पोर्टफोलिओत (दाखवायच्या कामांच्या संचात) तीनच कामं ठेवा, प्रत्येकाखाली त्यात तुम्ही नेमकं काय केलंत ते एका ओळीत लिहा आणि मूळ स्क्रिप्टच्या दोन रकान्यांच्या पानाचा फोटो सोबत जोडा.