जुन्या कापडाची कुशन कव्हरं: या चुका टाळा

जुना पडदा, टेबलक्लॉथ किंवा पेटीच्या तळाशी सापडलेला छापील तुकडा यांचं कव्हर फसलं की दोष शिलाईला दिला जातो. पण बहुतेक वेळा घोळ आधीच झालेला असतो. कापड विरलंय हे कळायच्या आत कात्री चाललेली असते, आणि तसा दुसरा तुकडा मिळत नाही.

न तपासता कापणं

कापड खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जास्त झिरपतो तिथे ते विरलेलं आहे. मग दोन्ही हातांच्या चिमटीत ५ सेंमी अंतरावर धरून आधी उभं, मग आडवं हलकेच ताणा. चर्र आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली तर तो भाग सोडून द्या. घडीच्या रेषा वेगळ्या तपासा, कारण धागे तिथेच आधी तुटतात.

रेशमाबाबत जास्त सावध राहा. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला रेशीम वजनदार व्हावं म्हणून त्यावर कथिलासारख्या धातूंचे क्षार चढवत. असं रेशीम हाताला भारदस्त लागतं, पण काळाने ठिसूळ होतं. त्याला चिरा पडू लागल्या असतील तर अस्तरही ते वाचवत नाही. ते फ्रेममध्ये लावा, टेकायला नको.

कसरीची शंका असेल तर कापड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरतं.

धुण्यातल्या चुका

आधी ओला पांढरा रुमाल प्रत्येक रंगावर अर्धा मिनिट दाबून बघा. लाल, काळा आणि गडद निळा हमखास दगा देतात. रंग उतरला तर ते कापड घरी धुऊ नका. तांबेऱ्याच्या, म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या, डागावर क्लोरीनचं ब्लीच घालू नका, डाग आणखी पक्का होतो. रेशीम आणि लोकर तर ब्लीचने खराबच होतात.

धुता येणारं सुती कापड कापण्याआधीच धुवा. एका कोपऱ्यात दोऱ्याने २० सेंमीचा चौकोन आखा आणि धुतल्यावर मोजा. तो १९ सेंमी भरला तर आटणं ५ टक्के. न धुता शिवलेलं ४३ सेंमीचं कव्हर पहिल्याच धुण्यात २ सेंमीहून जास्त आखडेल.

आधार न देणं

पातळ सुती कापडाला मागून हलकं, विणलेलं फ्युजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं अस्तर) लावा. इस्त्री फिरवायची नाही. १० ते १२ सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. मखमल, भरतकाम आणि उष्णता न सोसणाऱ्या कापडाला मात्र पातळ सुती अस्तर कच्च्या टाक्याने जोडा आणि दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवा. हा टप्पा कंटाळवाणा आहे खरा, पण कव्हरचं आयुष्य इथेच ठरतं.

मापं

४५ सेंमीच्या उशीला ४५चंच कव्हर शिवलं तर ते ढिलं दिसतं. तयार माप ४३ धरा. चारी बाजूंना दीड सेंमी मार्जिन, म्हणजे पुढचा तुकडा ४६ × ४६. मागे चेन नको असेल तर ४६ × ३२चे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाची एक लांब कड आधी १, मग २ सेंमी दुमडून शिवा आणि तुकडे १२ सेंमी एकमेकांवर चढवा. यापेक्षा कमी चढवलं तर उशी बाहेर डोकावते.

जुनं कापड अनेकदा तिरकं ओढलेलं असतं. कडेवर विसंबू नका. एक धागा ओढून काढा आणि त्या रेषेवर कापा. नक्षी मध्यावर हवी असेल तर ट्रेसिंग पेपरचा ४६ सेंमीचा चौकोन कापून मधोमध फुली मारा आणि तो कापडावर सरकवून बघा.

शिवताना

तलम कापडाला मशीनची ७० नंबरची सुई, साध्या सुती कापडाला ८०ची, जाड पडद्याच्या कापडाला ९० किंवा १००ची. टाका अडीच मिलिमीटरचा. फार बारीक टाके घातले तर विरलेलं कापड त्याच ओळीवर फाटतं. दोरा सुती घ्या. कापडापेक्षा दोरा दणकट असला तर ताणाखाली कापड जातं, आणि उसवलेली शिवण परत घालता येते, फाटलेलं कापड नाही. टाचण्या मार्जिनमध्येच टोचा, रेशमावरची भोकं बुजत नाहीत.

चेन लावणार असाल तर ती आधी बसवा आणि उरलेल्या तीन बाजू शिवताना अर्धी उघडी ठेवा. हे विसरलात तर कव्हर उलटवायला जागाच उरत नाही.

शिवून झाल्यावर दिसणारे दोष

कोपरे कानांसारखे बाहेर आले, तर कव्हर पुन्हा उलटं करा. कोपऱ्यापासून १ सेंमी आतून सुरुवात करून बाजूच्या साधारण पाव लांबीपर्यंत मूळ शिवणीला मिळणारी तिरकी शिवण घाला. कोपरा सुलट करायला कात्रीचं टोक नको, बोथट काडी वापरा. शिवणीला चुण्या पडत असतील तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी करून उरलेल्या चिंधीवर टीप मारून बघा. शिवणीशेजारी धागे सरकून फट दिसू लागली, तर उशी फार भरलेली आहे किंवा अस्तर राहून गेलंय. आधी लहान उशी घालून बघा. तरीही फट वाढली तर शिवण उसवून अस्तर जोडा आणि नवी शिवण अर्धा सेंमी आत घ्या.