जीडीबीच्या पायथन स्क्रिप्टमधले रंग: कधी लावायचे, कधी काढायचे

हिंजवडी-खराडीकडच्या एम्बेडेड टीममध्ये जीडीबी या डीबगरची (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनाची) एकच पायथन स्क्रिप्ट दिवसा कोणाच्या तरी टर्मिनलवर चालते आणि रात्री जेनकिन्स या आपोआप कामं चालवणाऱ्या सर्व्हरच्या जॉबमधून. टर्मिनलवर छान रंगीत दिसणारं आउटपुट लॉगमध्ये कंस आणि आकड्यांचा कचरा होऊन पडतं. ते टाळायचं तर मजकूर आधी पूर्ण साधा तयार करावा आणि रंग अगदी शेवटी, तोही जीडीबीला विचारून लावावा. (आदेश इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत, लहान लिपीत करायचे.)

जीडीबीची स्वतःची रंगव्यवस्था ८.३ या आवृत्तीत, २०१९ साली आली. ती पूर्ण बंद करायला ‘सेट स्टाइल एनेबल्ड ऑफ’. एकाच आदेशापुरती बंद हवी असेल तर ‘विथ स्टाइल एनेबल्ड ऑफ -- बीटी’ (बीटी म्हणजे बॅकट्रेस, फंक्शन-कॉलची यादी). हा ‘विथ’ नवव्या आवृत्तीपासून मिळतो.

स्क्रिप्टमधून हेच विचारायचं तर जीडीबी.पॅरामीटर फंक्शनला ‘स्टाइल एनेबल्ड’ हे नाव द्यायचं. उत्तर ट्रू किंवा फॉल्स येतं. स्क्रिप्ट लोड होताना एकदाच विचारून उत्तर साठवू नये, कारण वापरणारा मधेच सेटिंग बदलू शकतो. ‘टर्म’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘डंब’ असेल किंवा जीडीबी ‘-बॅच’ लावून चालवला असेल, तर तो स्वतःच स्टाइल बंद करतो. पण आउटपुट ‘टी’ या आदेशाला (तो ते पडद्यावर आणि फाइलमध्येही लिहितो) पाइप केलेल्या साध्या सत्रात हे उत्तर ट्रूच राहतं. म्हणून आउटपुट खरंच टर्मिनलवर जातंय का हे बघायला सोबत ओएस.इझएटीटीवाय(१) तपासावं. इथे सिस.एसटीडीआउटचं इझएटीटीवाय वापरू नका: जीडीबी तिथे स्वतःचं ऑब्जेक्ट बसवतो आणि ते कायम फॉल्सच सांगतं. रंगासाठी आणलेली तयार पायथन लायब्ररी जीडीबीत मुकाट साधा मजकूर छापते, त्यामागे बहुधा हेच असतं.

दोन्ही अटी पाळणारं एक छोटं फंक्शन पुरतं. परवानगी नसेल तर मजकूर जसाच्या तसा परत द्यायचा. असेल तर आधी एस्केप कॅरॅक्टर, उघडा चौकटी कंस, रंगाचा आकडा आणि ‘एम’, मग मजकूर, शेवटी तसंच पण शून्य आकड्याचं रीसेट. ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा, ३६ सायन, १ ठळक. सुरुवात आणि रीसेट एकाच स्ट्रिंगमध्ये असू द्या. दोन वेगळ्या प्रिंटमध्ये तोडले आणि मधे एक्सेप्शन उडालं, तर पुढचं सगळं टर्मिनल लाल होऊन बसतं. रंग निवडताना जीडीबीचेच मूळ रंग पाळावेत: फाइलचं नाव हिरवं, फंक्शन पिवळं, व्हेरिएबल सायन, पत्ता निळा. लाल फक्त चुकीसाठी राखावा. नव्या आवृत्त्यांत जीडीबी.स्टाइल हा वर्गही आहे. पायथनच्या हॅजॲट्रने तो असल्याची खात्री करूनच वापरा.

सगळ्यात जास्त घोळ रकान्यांत होतो. रंगवलेल्या तुकड्यात ३२ साठी सुरुवातीला पाच आणि रीसेटला चार, अशी नऊ न दिसणारी अक्षरं असतात. पायथनचं लांबी मोजणारं ‘लेन’ फंक्शन तीही मोजतं, त्यामुळे वीस अक्षरांच्या रकान्यात दिसणाऱ्या मजकुराला अकराच उरतात. आधी पॅडिंग (रकाना भरायला मोकळ्या जागा), मग रंग. क्रम उलटा झाला की तक्ता वाकडा झालाच समजा. स्ट्रक्चरमध्ये बसथांब्यांची नावं देवनागरीत असतील तर आणखी एक पेच: ‘स्वारगेट’मध्ये युनिकोडचे आठ कोडपॉइंट आहेत, डोळ्याला मात्र चारच अक्षरं दिसतात, आणि वेगवेगळी टर्मिनलं त्यांना वेगवेगळी रुंदी देतात. देवनागरी रकाना सरळ शेवटी ठेवावा, पॅडिंगची गरजच उरत नाही.

जीडीबी.एक्झिक्यूटला ‘टू_स्ट्रिंग’ ट्रू दिलं की आउटपुट स्ट्रिंग म्हणून हातात येतं आणि तेवढ्यापुरतं पानापानाने थांबणंही बंद होतं. ही स्ट्रिंग साधीच असते आणि तेच बरं: रेगेक्सने (मजकूर शोधायच्या नमुन्याने) फाडायची असेल तर रंग मधे येत नाहीत. नव्या आवृत्तीत रंगीत स्ट्रिंग मागायला ‘स्टायलिंग’ हा आर्ग्युमेंट आहे; जुन्या जीडीबीत तो दिला तर टाइपएरर येतो.

प्रॉम्प्ट (आदेश टाइप करायच्या जागेआधीची खूण) रंगवताना नियम थोडा वेगळा. ‘सेट एक्स्टेंडेड-प्रॉम्प्ट’मध्ये प्रत्येक रंगकोडाआधी उलटी तिरपी रेघ आणि उघडा चौकटी कंस, नंतर तशीच रेघ आणि बंद कंस लिहावा लागतो. नाहीतर रीडलाइन (टाइप केलेली ओळ हाताळणारी लायब्ररी) ती अक्षरं रुंदीत धरतं आणि लांब आदेश त्याच ओळीवर परत चढतो.

प्रिटी-प्रिंटरच्या (व्हॅल्यू वाचता येईल अशी दाखवणाऱ्या पायथन वर्गाच्या) टू_स्ट्रिंग या मेथडमध्ये मात्र रंग घालूच नये. तोच मजकूर एमआयमधून (एडिटरशी बोलायच्या जीडीबीच्या भाषेतून) एडिटरच्या व्हेरिएबल खिडकीत जातो आणि तिथे कोड उघडे पडतात. प्रिंटरचा डिस्प्ले_हिंट ‘स्ट्रिंग’ असेल तर टर्मिनलवरसुद्धा रंगाऐवजी ०३३ छापून येतं. रंग हवाच असेल तर त्यासाठी जीडीबी.कमांडपासून वेगळा आदेश बनवा आणि प्रिंटरचा निकाल तिथे रंगवा.